समुद्र सकाळी इथं नव्हता

"हॅलो?… बोल अनिकेत. पटकन बोल, गिऱ्हाईक बसलं आहे."

मंजुषाने फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला. आर्णीतल्या तिच्या फोटो स्टुडिओत खेमसिंगकाका पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर ताठ बसले होते. धाकटा दीर अनिकेत तीन दिवसांपासून कोकणात होता, स्टुडिओचा एकुलता एक चांगला कॅमेरा घेऊन. किनाऱ्याचे नाट्यमय फोटो काढायला. नाट्य कमी पडलं म्हणून आता तो फोनही करत होता.

"हो, हो… पाहिले. सगळे पाहिले. एकच मोठा गोटा आहे बावा, खडकाचा. तीन दिवसांपासून तू एकच गोटा पाठवून राह्यला… उजेड वेगळा आहे? असंल. अन् लाटा कुठं गेल्या?… शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं म्हणून लाटांचा धूर झाला? म्हणजे समुद्र पाहायले तू हजार किलोमीटर गेला, अन् धूर काढला. इथं कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या असत्या तं घरबसल्या निघाला असता… हनुवटी खाली. तुले नाही रे, काकाले.

"आता काय?… अडकला? कुठं?… त्याच गोट्यावर? मग उतर… पाणी आहे म्हणजे? समुद्राले पाणी असणारच… सकाळी नव्हतं? अनिकेत, समुद्र सकाळी इथं नव्हता, असं सांगून राह्यला का तू मले? कुठं गेलता मग, बाजारात?"

काकांनी पोज न मोडता ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी सुचवलं. त्यांचा तांडा धरणाखाली होता. चढत्या पाण्यातलं त्यांना कळत असे.

"ऐक, काका विचारून राह्यले, भोंगा वाजला का?… अरे, दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजवतात… समुद्राले दरवाजे नसतात, मले माहीत आहे. मी काकाचं सांगून राह्यली… भरती? मग काल-परवा काय झालतं भरतीले?… दुपारी उजेड बरा नसते म्हणून तू लॉजवर झोपला होता. अन् आज ढग आले म्हणून थांबला. धन्य आहे. उजेडाची वेळ विचारली, पाण्याची नाही विचारली… किती आहे?… गुडघ्याच्या वर?"

मंजुषाने हातातला जुना कॅमेरा खाली ठेवला. अनिकेतला पोहता येत नव्हतं. आवाज मात्र तिने चढू दिला नाही. चढवला असता तर त्याला तेही नाट्यच वाटलं असतं.

"हे पाह्य, कोणाले आवाज दिला का?… लाजतो? बुडायले लाजत नाही अन् ओरडायले लाजतो?… कोण आहे काठावर?… एक बाई. टोपली घेऊन. तिले हाक मार… माह्या कानात नको, तिकडं तोंड कर… येऊन राह्यली? चालत?… म्हणजे ती लुगडं खोचून चालत येते, अन् तू नाट्यमय उभा आहे… काय म्हणते?… आत्ता चल, दहा मिनिटांनी मीबी येणार नाही. बरोबर आहे तिचं. हात धर तिचा. धरला का?… हा कसला आवाज झाला?… फोटो काढला? मोबाइलवर? तिचा? आता?… अनिकेत, चाल."

मग नुसतं पाणी ऐकू येत राहिलं. काका स्टुलावरून उठून उभे राहिले होते. मान अजून सरळ होती.

"हॅलो?… हॅलो?… हं. पाय वाळूत आहेत का?… दोन्ही?… अन् कॅमेरा?… कोरडा. तिच्या टोपलीत. म्हणजे तिनं आधी कॅमेरा घेतला, मग तुले. कळते बाईले… नाही, पाण्याचं वर्णन नको. फोटो पाठव."

फोटो आला. काळं आभाळ, फेस, आणि मधोमध मांडीभर पाण्यात ती बाई. एक हात पुढे केलेला, वैतागलेली नजर थेट फोटो काढणाऱ्यावर. मंजुषा बराच वेळ बघत राहिली. मग तिने तो काकांना दाखवला. काकांनीही बराच वेळ पाहिला, आणि तीन दिवसांत कोणीही अनिकेतच्या फोटोला दिली नव्हती अशी दाद दिली: ते हसले.

"पाहिला… हो, चांगला आहे. खरंच चांगला आहे… नाही रे, उजेडाचं कोण बोलून राह्यलं? तिचं तोंड पाह्य. चार वर्षांपासून मी तुले जे सांगून राह्यली, ते तिनं एका नजरेत सांगतलं… हो, मोठा करून शोकेसमधी लावते. तिले विचार पहिले, चालंल का… हो म्हणते? मग लावतेच… तुहं नाव? टाकते ना. तिच्या नजरेच्या समोर टाकते, म्हणजे ती कोणाकडं पाहून राह्यली हे आर्णीले कळंल… फोन ठेवते. काका उभे आहेत."