जाळीचं माप

आमचं मूळ तंजावरचं. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. माझे वडील नोकरीसाठी या शहरात आले तेव्हा ते मद्रास होतं, आणि मी इथेच एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता म्हातारा झालो. मापाबिपाचं मला काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा मुलगा वासू मात्र हातानं काम करणारा. ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात होता, पहाटेच कंपनीची बस यायची. मंगळा, माझी बायको, दम्याची. उकाड्यात तिचा जीव घाबरायचा, म्हणून यानं छताखालून पत्र्याची डक्ट फिरवून घेतली, एसीचं गार वारं खोल्याखोल्यांत नेलं, आणि तिच्या पलंगासमोर भिंतीतून वारं बाहेर पडतं तिथली जाळी स्वतः बसवायला घेतली. मी म्हटलं माणूस बोलाव, तर म्हणाला अप्पा, तुम्ही आपलं पुस्तक वाचा. जाळी लागली तशी तिच्या जुन्या वायलच्या साडीची चिंधी फाडून जाळीला बांधली, मेकॅनिक बांधतात तशी, आणि खाली उतरून विचारलं, कात्तु वरुदा, अम्मा? वारं येतंय का? चिंधी हलत होती. मग रोज कामावरून आला की चपला काढता काढता तेच विचारायचा. ही म्हणायची येतंय रे, आधी हातपाय धू.

काय सांगू तुम्हाला, एका संध्याकाळी ओरगडमच्या रस्त्यावरच तो गेला.

तेव्हापासून मंगळा पलंगावरच आहे, आणि तिची नजर त्या चिंधीवर. समुद्र जवळ, खारं वारं, जाळी गंजली, गंजाचे पापुद्रे तिच्या पांघरुणावर पडायला लागले. डॉक्टर म्हणाले हे छातीत जातंय, आधी बदला. दुकानदार म्हणाला सार, जुनी जाळी खोला आणि मागच्या भोकाचं माप आणा, बाहेरच्या कडेचं नको, कड नुसती भिंतीवर टेकते.

मी स्टुलावर चढलो, हातात टेप. मागून मंगळा म्हणाली, अहो, ते स्क्रू त्यानं पिळलेत.

मी खाली उतरलो. पुन्हा चढलो ते न खोलता बाहेरच्या कडेचंच माप घ्यायला. दुकानदाराला तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला बरं, कड साधारण इंचाची असते, तेवढी वजा करून बनवू, पण मापावर बनवलेली परत घेत नाही सार.

नवी आली. दुकानाच्या फिटरनं जुनीला हात लावला, तर स्क्रू खोलायची वेळच आली नाही, गंजलेली कड त्याच्या हातातच चुरली. मागे पाहतो तर भोक आमच्या हिशेबापेक्षा लहान. वासूनं छिन्नी मारताना आजूबाजूचा गिलावा भसाभसा पाडला होता, आणि ते झाकायला रुंद कडेची जाळी लावली होती. आम्हाला कधी बोलला नाही. फिटर हसून म्हणाला हे कुणी नवशिक्यानं केलंय. मी हो म्हटलं. नवी आत जाईना.

त्याला म्हटलं आता भोकाचंच माप घे, दुसरी बनवू. मंगळा त्या तुटक्या गिलाव्याकडे बघत होती. म्हणाली, ते झाकू नका. त्याच्या हाताचं तेवढंच उरलंय.

मी समजावलं, डॉक्टरांचं सांगितलं, अजूनही सांगतो. भोक तसंच आहे. गंज थांबला, आता गिलाव्याची माती पडते. मी पांघरूण झटकतो, ती खोकते. चिंधी तिच्या उशाखाली आहे, बांधायला जागा नाही. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, तेव्हा ती मला विचारते, येतंय का? मी स्टुलावर चढून भोकापाशी हात धरतो आणि म्हणतो, येतंय.

बसा, कॉफी घेऊन जा. तुमची मुलं वेळेवर घरी येवोत.