अर्ध्यापर्यंत तह

भिमाबाई : आधी हात पुढं करा भावजी, साखर घ्या. आख्ख्या आळीला वाटून आले.

कोंडाजी : कशाची साखर, वैनी?

भिमाबाई : सुलाबाईच्या रेडिओवर आलं ना सकाळी! हद्दीवर साहेब लोकांचा तह झाला. आता माझा गोरक्ष सुटतो.

कोंडाजी : तह म्हणाले? नीट ऐकलं?

भिमाबाई : ह्या कानांनी. तुमच्या टायमाला नाय का, पासष्टच्या लढाईमागं ताश्कंदला तह झाला अन् तुमी कैदेतून आले. देवळाली टेसनावर मीच तर ओवाळलं.

कोंडाजी : तवाचं निराळं. तवा रशिया मधी पडला. आपण जिंकलेलं सोडलं, त्यांनी त्यांचं सोडलं, कैदी इकडचे तिकडं. हाजीपीरची खिंड सोडली, वैनी! तिच्यापायी चांगली चांगली पोरं गेली. औंदा सरकार शानं झालंय. शिमल्याच्या कराराला तिसरा कोणी मधी घेतलाच नाय. काश्मिरातली नवी रेघ आता सोडायची नाय. त्यांचे हजारो कैदी आपल्याकडं, तेबी सोडायची घाई नाय.

भिमाबाई : मग ते आपले कशाला सोडतील?

कोंडाजी : सोडतील की. पण सरकारनं घट्ट राहायला पायजे.

भिमाबाई : हळू बोला, मालन आत हाय. तुमचं कैदेतून कार्ड तरी आलं होतं. गोरक्षची गेल्या सालच्या लढाईतनं नुसती तार, बेपत्ता म्हणून. तिची चुलती निरोप धाडती, हिरव्या बांगड्या आता कवर ठेवायच्या? अन् तुमी मला घट्ट राहायचं सांगता. खिंड सोडली म्हणून तुमी ह्या ओट्यावर बसलाय, भावजी.

(कोंडाजी पेपरची घडी मांडीखाली सरकवतो.)

भिमाबाई : काय दडवता?

कोंडाजी : शिळा पेपर हाय.

भिमाबाई : खोटं बोलताना मिशी चावायची सवय गेली नाय तुमची. वाचा.

कोंडाजी : 'रेषेबाबतची बोलणी... तहकूब.'

भिमाबाई : तेच ते! तह!

कोंडाजी : तह नाय, वैनी. तहकूब. बोलणं अर्ध्यात टाकून उठले. परत कवा बसणार, तेबी नाय लिहिलं.

भिमाबाई : अगं बया! लोकांच्या तोंडात साखर घातली मी. मालननं तर त्याचा सदरा धुऊन वाळत टाकलाय.

मालन : (आतून) आत्याबाई, मामांनी पेपर आणला का? ह्यांचं काय आलंय का त्यात?

कोंडाजी : काय सांगू तिला?

भिमाबाई : थांबा. तो शब्द दाखवा मला. बोट ठेवा त्याच्यावर. ह्यात तह हाय ना?

कोंडाजी : हाय. अर्ध्यापर्यंत.

भिमाबाई : मग तिला अर्ध्यापर्यंतच वाचून दाखवा.