बंदुकीची स्प्रिंग अन् माही मशीन

बंदुकीचं नाव काढू नका माह्यासमोर. रानडुकरांपायी माह्या नवऱ्यानं घरीच एक बंदूक बनवली होती, सरकारी लायसन नाही की काही नाही. ज्वारी हुरड्यावर आली अन् बंदुकीच्या घोड्याची स्प्रिंग तुटली. तुकडा घेऊन हा अमरावतीच्या मिस्त्रीकडं गेला.

मिस्त्री म्हणे, “कायची आहे?”

याले समोर पोलीसचौकीच दिसली. म्हणे, “बायकोच्या शिलाई मशीनची.”

“मंग मशीनच आना. बसवून देतो.”

झालं! माही चांगली चालती मशीन यानं बैलबंडीत टाकून नेली. तिच्यावर गावाच्या चोळ्या शिवून मी घरात तेलमीठ आनत होती. मिस्त्रीनं तुकड्यावरून नवी स्प्रिंग केली. ती मशीनीत बसेना, म्हणून हातोडीनं ठोकली. स्प्रिंग वाकली अन् मशीनचा दांडा मोडला. पण स्प्रिंग बंदुकीची आहे म्हणायची याची छाती झाली नाही.

त्याच सांजेले डुकरं ज्वारीत घुसली. मले म्हणे, “आता काय करू वं?”

म्या म्हटलं, “माही मशीन फेका त्याईच्यावर. आता तिचा तेवढाच उपेग उरला.”