बिबड्यांच्या रांगेतली एलपी

तुमच्या दुर्मिळ रेकॉर्ड्सचं कौतुक पुरे, माझ्या पहिल्या रेकॉर्डचं ऐका. सगळं गाव कॅसेटी घेत होतं तेव्हा पारोळ्याच्या एका रिटायर मास्तरांकडे सतारीची एक एलपी होती, कुठेच न मिळणारी. सहा महिने मागे लागलो तेव्हा त्यांनी ती दिली, आणि वर दम भरला, "ऊन लागू देऊ नको. वाकली की गेली."

मे महिना होता. धुळ्यापर्यंत एसटीत ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. खिडकीतून ऊन आलं की मी उठून उभा. घरी आल्यावर ती कपाटात ठेवून आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर कपाट रिकामं.

आईला आम्ही अक्का म्हणतो. "अक्का, रेकॉर्ड कुठाय?"

"कुबट वास यी राहिंता, म्हनीसन ऊन दखाडं."

मी अनवाणीच गच्चीवर पळालो. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, वाळत होते, आणि त्यांच्या रांगेत माझी एलपी, त्यांच्यासारख्याच कडा वळलेली. पाय भाजत होते. अक्का मागून आली. तिनं बोट लावून पाहिलं, गरम होती तोवर कव्हरात घातली, दोन पाटांमध्ये दाबली आणि वर गव्हाचा डबा ठेवला. "सकाळपर्यंत हात लावू नको."

सकाळी मी सुई टेकवली. रेकॉर्ड वाजली! सूर तेवढा जरा हेलकावत होता.

अक्कानं मान तिरकी करून ऐकलं.

"कच्ची शे अजून," ती म्हणाली. "आखो एक ऊन देनं पडी."