ती गायली तेवढंच

ताई, तुमी विचारलंत म्हणून सांगतो, माझं गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला. एसटी थांबते तिथून पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं, वहाळ ओलांडायचा, की आमची बौद्धवाडी. चिऱ्याची घरं, अर्ध्याअधिक घरांना कुलूप, माणसं मुंबईला. माझा बापूसही मुंबईला गोदीत हमाली करायचा, मे महिन्यात गावी यायचा आणि आला की पिशवी ठेवायच्या आधी ढोलकी उतरवून बघायचा. आमच्या वाडीची गायन पार्टी होती, जयंतीला गायची, लग्नाला गायची, कोणी गेलं तर पुण्यानुमोदनालाही गायची. मी बापसाच्या मागे बसायचो, समोर बसायचो नाय, कारण समोर थाप ऐकू येते आणि मागे घुमारा ऐकू येतो. मला तो घुमारा पायजे असायचा, पोटात शिरतो ना तो. आता पोरं त्याला बेस म्हणतात.

आणि माझा काका होता, बापसाचा धाकटा भाऊस, तो बोटीवर. बोटीवर म्हणजे साहेब नाय हो, खानावळीत भांडी घासायला. तो परदेशातून कॅसेटी आणायचा, त्यांना कव्हर नसायचं, नाव नसायचं. त्यातली एक लावली त्याने पडवीत, एक बाई गात होती, मागे पेटीसारखं कायतरी, आणि ती बाई अशी गात होती की माझी आई हातातलं सूप खाली ठेवून दारात येऊन उभी राहिली. मी विचारलं, काका, काय म्हणते ही? तो म्हणाला, शब्द मलाही कळत नाय रे, पण आमच्या बोटीवर एक काळा आचारी होता, तो हे लावून रडायचा, तो म्हणाला, आमच्या माणसांना पूर्वी बाजारात विकायचे, त्या माणसांच्या पोटातून आलेली गाणी हायत ही. माझा बापूस बाजूला विडी ओढत बसला होता, तो म्हणाला, मग आपलीच हायत, लाव परत. तिथून माझं सुरू झालं म्हणा. सोल म्हणतात असल्या गाण्याला, हे मला किती वर्षांनी कळलं.

बारावीनंतर रत्नागिरीला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन, आणि एका साउंड सर्व्हिसवाल्याकडे लागलो. बॉक्स उचलायचे, वायरी ओढायच्या, मांडवात मागे उभं राहायचं. तिथे मला सादिक भेटला, बंदरावर बर्फ फोडायचा, लाद्या ट्रॉलरवर चढवायचा, आणि बर्फ फोडता फोडता रॅप करायचा, त्यांच्या मोहल्ल्याच्या बोलीत, डिझेलचं, वादळाचं, समुद्रातून परत न आलेल्या माणसांचं. तो म्हणाला, माझ्याकडे शब्द हायत, ठोका कोण देणार? मी म्हटलं, मी देतो. जुना कॉम्प्युटर घेतला, बापसाची ढोलकी मोबाईलवर रेकॉर्ड केली, तिचा घुमारा तेवढा कापून काढला, त्याच्यावर सादिकचे शब्द बसवले. ऐकून सादिक खालीच बसला. म्हणाला, हा मीच का रे?

लोक विचारायचे, तू करतोस काय? मी म्हणायचो, प्रोड्युसर. मग म्हणायचे, म्हणजे पैसे लावतोस? आता त्यांना काय सांगू, पैसे लावणारा वेगळा आणि मी वेगळा. मी गाणं बांधतो. गवंडी घर बांधतो ना, चिरा कुठला, दार कुठे, उजेड कुठून यायचा, तसं. गाणारा आत राहायला येतो. कंपनी नाय, साहेब नाय, आपणच बांधायचं, आपणच इंटरनेटवर सोडायचं. पोट भरायला लोकांच्या घरात वायरिंग करतो अजून.

स्टुडिओ म्हणजे आंब्याची पॅकिंग शेड हो. कातळावरच्या एका बागवाल्याची, आंबा संपला की तो मला द्यायचा. वर पत्रा, त्यामुळे पावसाळ्यात रेकॉर्डिंग होतच नाय, पाऊस सगळ्यांच्या वर गातो. तेवा पावसात मी जुनं नीट करत बसायचो आणि दिवाळी झाली की गाणारे यायचे, मार्चात आंबा आला की आमी बाहेर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आईच्या गोधड्या आणि भाताचा पेंढा. आंब्याचा वास मात्र कदी गेला नाय तिथला.

आता विशाखाचं सांगतो, नायतर हे सगळं सांगण्यात अर्थ नाय. विशाखा माझी बायको. एसटीत कंडक्टर. मी लांज्याहून येत होतो वायरिंगचं काम करून, गाडी भरलेली, मी मागच्या सीटवर डोळे मिटून, आणि पुढून आवाज आला, आधी उतरू द्या, उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, मग तुमी चढा. ओरडत नव्हती हो ती, ताई. खालच्या सुरात, छातीतून, आणि तो आवाज भरल्या गाडीतून मागपर्यंत आला, कुणाला न लागता. मी डोळे उघडले. माझ्या थांब्याला उतरलो नाय मी, डेपोपर्यंत गेलो. ती म्हणाली, तुमचं तिकीट मागच्या स्टॉपचं हाय. मी म्हटलं, तुमी गाता का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही पोलीस बोलावते. मग म्हणाली, जयंतीला गाते, तुमाला काय करायचंय?

वर्षभरात लग्न झालं आमचं. ती ड्युटी करून यायची, तशीच खाकी कपड्यांत शेडमध्ये, चप्पल काढून उभी राहायची आणि गायची. मी तिला कॅसेटीतली ती बाई ऐकवली. ती म्हणाली, माझ्या आजीचा रडायचा सूर असाच होता. आमी चार गाणी सोडली, मग आणखी. सादिक रॅप करायचा, मधे ती यायची. आखातातनं लोक लिहायचे, आमच्या घरची आठवण झाली म्हणून. ओवी झाली, आमची मुलगी, तिला आंब्याच्या पेटीत निजवून आमी रेकॉर्ड करायचो आणि तिचं कुरकुरणंही एका गाण्यात राहिलंय. मला तेवा वाटायचं, आता हे असंच चालायचं.

मग तिचा आवाज बसला. कंडक्टरचा आवाज बसतोच, सगळे म्हणाले, गरम पाणी घे, ज्येष्ठमध चघळ. महिना गेला, आणखी गेला. गाताना वरच्या जागी ती पोचायची नाय, मधेच थांबायची, म्हणायची, आज नको. मी बटणं फिरवून नीट करायचो. पण गिळताना कान दुखतो म्हणाली, तेवा गेलो दवाखान्यात, तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि मुंबईला जा म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिलाच सांगितलं, मला नाय. म्हणाल्या, स्वरयंत्रात गाठ हाय, पसरलीय, स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला खाली भोक राहील. तुमी जगाल, पण हा आवाज राहणार नाय. विशाखाने विचारलं, मुलगी सहा वर्षांची हाय, तिचं लग्न बघेन का? बाई म्हणाल्या, त्याच्यासाठीच करायचंय हे. ती म्हणाली, मग काढा.

ऑपरेशनची तारीख मिळाली, आमी आठवडाभरासाठी घरी आलो. माझी आई म्हणाली, बाय गो, बोलू नको आता, घशाला आराम दे. विशाखा हसली. म्हणाली, आई, ज्याला कापायचंच हाय त्याला आराम कशाला? आणि मला म्हणाली, शेड उघडा.

तिने गाणं स्वतः जोडलं होतं, कुठेही लिहिलं नव्हतं. उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, एवढंच धरून. गाडी भरलीय, ज्याचा थांबा आला त्याला वाट द्या, त्याची पिशवी खाली द्या, त्याला नाव विचारू नका, मग तुमी चढा. आवाज फाटलेला, वरच्या जागी नुसता वारा यायचा. मी म्हटलं, हे मी नंतर नीट करतो, जुन्या गाण्यातली जागा इथे बसवतो. ती म्हणाली, अहो नको, हात लावू नका, हाय तसं असू दे. सादिक आला होता, त्याचा रॅप होता मधे. तो माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, भाभी, माझ्याकडे इथे शब्द नायत, आणि नुसता ठोका चालू दिला. ती जागा आजही रिकामीच हाय गाण्यात.

मग ती म्हणाली, आता तुमी बाहेर जा, मला ओवीसाठी बोलायचंय. मी यंत्र चालू करून बाहेर कातळावर जाऊन बसलो. काय बोलली ते मी तेवा ऐकलं नाय. पुढे ऐकलं. मोठं कायच नव्हतं हो. ओवी, ऊठ. ओवी, वेणी घालायला ये. दप्तर भरलंस का? मेल्ये, परत पाण्यात खेळलीस? ये गो बाय, जेवायला ये. असं सगळं. एका दिवसात आई जेवढं बोलते तेवढं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेवा तिने ओठ हलवले आणि कायच आलं नाय, तिला माहीत होतं तरी ती दचकली. तिचा हात धरून मी बसलो होतो. माझे कान आयुष्यभर आवाज शोधायला शिकलेले, आणि तिथे नुसता श्वास. गळ्यातून येतो तो, वेगळा आवाज असतो त्याचा, सुरुवातीला ऐकवत नाय.

घरी आल्यावर मी ओवीला ते रेकॉर्डिंग लावून दिलं. तिने थोडं ऐकलं आणि बंद केलं. म्हणाली, ही आई नको, ती आई बोलते ना, ती माझ्याकडे बघत नाय. आणि जाऊन विशाखाच्या समोर बसली, तिच्या तोंडाकडे बघत. तशी बसून बसून पोर ओठ वाचायला शिकली. मला अजून नीट जमत नाय. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं, विशाखाने घेऊन बघितलं, पण डेपोत लोक वळून बघायचे, तिने ठेवून दिलं. डेपोने तिला ऑफिसातलं काम दिलंय, ते बरं चाललंय.

तिचं ते शेवटचं गाणं आमी सोडलं. पुष्कळांनी ऐकलं. एका कंडक्टरने लिहिलं की ताई, आता मी ते वाक्य बोलताना आवाज खाली घेतो. मग मुंबईहून एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. चांगला बोलला. म्हणाला, तुमच्याकडे वहिनींचं एवढं रेकॉर्डिंग हाय, आता कॉम्प्युटरला त्यावरून आवाज शिकवता येतो, मग पायजे ते गाणं त्यांच्या आवाजात निघेल, अगदी आजारपणाच्या आधीसारखं. त्या गायच्या थांबल्या असं कुणाला वाटणारसुद्धा नाय.

मी घरी येऊन सांगितलं. खरं सांगतो ताई, मला वाटलं, ती नाय म्हणेल. पण तिचे डोळे चमकले. तिने हाताने खूण केली, ऐकू तरी द्या. तिलाही पायजे होता ना तिचा आवाज, माझ्याहून जास्त. मग माझ्याच कॉम्प्युटरवर आमी तिघांनी ते केलं, तिची जुनी गाणी त्याला दिली, आणि तिने मनात धरलेलं एक नवीन कडवं ओवीने ओठांवरून वाचून मला सांगितलं. दुपारची वेळ, शेडची दारं उघडी, आणि आवाज आला. तीच. वरच्या जागा सगळ्या नीट, कुठे खरखर नाय. ओवी म्हणाली, आई, हे तू कदी गायलीस? विशाखा हसत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तिने परत लावा म्हणून खूण केली. मी लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ऐकताना ती हसायची थांबली. डोकं एका बाजूला करून ऐकत राहिली, शोधत असल्यासारखी. तिने हात छातीवर ठेवला आणि कायतरी म्हणाली. मला कळलं नाय. मी ओवीकडे बघितलं.

ओवी म्हणाली, आई म्हणते, ही बाई श्वास घेत नाय.

मी परत ऐकलं. खरंच. कडवं संपेपर्यंत कुठेही दम नाय, लागतच नव्हता तिला. यंत्राला सांगून श्वास घालता आले असते, ते येतं मला, तेवढं काम तर मी रोज करतो. मी तसं म्हणालोही. विशाखाने मान हलवली. बोट स्वतःकडे केलं, मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे केलं, मग तेच बोट हलवून नाय म्हणाली. ती गायली तेवढंच तिचं. शेडमध्ये तिच्या गळ्यातला श्वास तेवढा चालू होता, आणि पहिल्यांदाच ताई, पहिल्यांदाच तो ऐकताना मला जड गेलं नाय. मी ते पुसून टाकलं. स्टुडिओवाल्याला फोन केला, म्हटलं, तुमच्या वहिनी नाय म्हणतात. तो म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, झाला.

बापूस गेला मागल्या वर्षी. सादिक ट्रॉलरवर जातो आता, परत आला की येतो. पूर्णगडची एक नर्सबाई गायला येते, आवाज चांगला हाय, पण घाई करते. विशाखा तिच्यासमोर उभी राहते, तिचा हात धरते आणि जिथे दम घ्यायचा तिथे दाबते. बाई म्हणते, वहिनी हात धरतात तेवा मला भीती वाटत नाय. त्या बाईचा आवाज राहो, सगळ्यांचेच राहोत. आपल्याला मिळाला तेवढा मिळाला. तो नव्हता मिळाला असं तर नाय ना.

मला कदी कदी वाटतं, तिने हाक मारावी. तीही मारते म्हणा. टाळी वाजवते. ओवीची टाळी वेगळी, हलकी, आणि माझी जरा जोरात, कारण मी हेडफोन लावून बसलेला असतो.

ही बघा. ऐकलंत? ही माझी. जातो मी, हाक आली.