नायट्रोजन एसटीत बसतो तेव्हा

...गाईड, गाईड, गाईड! अहो, बंगळूरला सहा वर्षं रसायनशास्त्र शिकून, हातची नोकरी सोडून मी देवळीच्या ज्युनियर कॉलेजात आले ती काय गाईड फळ्यावर उतरवायला? पण आमचे प्राचार्य पुंडलिकराव! पहिल्याच दिवशी म्हणतात, "मॅडम, इलेक्ट्रॉन कुठी राह्यते हे समजून पोराइले काय करा लागते? पाठ करून घ्या ना!" आता सांगा, यांना काय म्हणायचं?

मी म्हटलं, सर, एक धडा माझ्या पद्धतीनं शिकवू द्या. तर म्हणे, "शिकवा. पण चाचणीत पोरं आपटली, तर वर्षभर गाईडच चालवा लागन." मान्य!

तुम्हाला सांगते, काय रंगून शिकवलं! ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची जागा, एकात फार तर दोघं... आणि सारख्या ऊर्जेची तीन ऑर्बिटल्स असली तर? म्हटलं, पोरांनो, आपली वर्ध्याची एसटी आठवा! तीन रिकामी बाकं, प्रत्येकावर दोघांची जागा. माणूस आधी रिकामं बाक बघतो की नाही? सगळ्या बाकांवर एकेक बसला, की मगच जोड्या! इलेक्ट्रॉनही तसेच! सगळा वर्ग माना डोलवत होता, झोपाळू रोशनसुद्धा. मला वाटलं, जिंकले मी!

मग चाचणी. नायट्रोजनचे शेवटचे तीन इलेक्ट्रॉन तीन चौकटींत, म्हणजे तीन ऑर्बिटल्समध्ये, भरा. एकेक, एकेक, एकेक... संपलं! तर बेचाळीसच्या बेचाळीस पेपरांत पहिल्या चौकटीत दोन, दुसरीत एक आणि तिसरी रिकामी! वर्गातली सगळ्यात हुशार मोनाली, तिला विचारलं, "काऊन गं असं?"

"मॅडम, बसमदी पयली चढते थे मैत्रिणीसाठी बाजूची जागा धरते ना! एकटं कोन बसते?"

"आणि तिसरं बाक रिकामं कसं?"

"रिकामं कुठी हाय? खिडकीतून कोनाचा तरी रुमाल पडला असन!"

रोशननं तर तिसऱ्या चौकटीत रुमाल काढलाच होता. चौकड्यांचा! आता सांगा, यांना काय म्हणायचं? अख्ख्या विश्वातले इलेक्ट्रॉन एक नियम पाळतात, आणि आमच्या तालुक्यात तो रुमालाखाली दबून मरतो!

पुंडलिकरावांनी काय केलं? नुसतं गाईड पुढं सरकवलं. शब्द दिला होता ना... उतरवलं फळ्यावर! ओळ न् ओळ! एक शंका नाही, एक प्रश्न नाही, नुसत्या माना खाली आणि पेनं चालू. परवा फेरचाचणी झाली. बेचाळीसच्या बेचाळीस पास!

पुंडलिकराव स्वतः पेढे घेऊन वर्गात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहा, मॅडमले आता शिकवता येऊन राह्यलं!"

...पेढा खाल्ला. दुसरं काय करणार?