सहा डिस्कस मासे मेल्याबाबत

मी, मधुकर धोंडू मेस्त्री, वय ७२ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी गिरणीत व नंतर कुरिअरच्या गोदामात नोकरी, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी मुलगा सौरभ व सून श्वेता यांच्यासोबत राहतो. पत्नी सुनंदा मागच्या वर्षी वारली. हॉलमध्ये सौरभची चार फुटी काचेची टाकी आहे. तीत पापलेटासारखे चपटे, डिस्कस जातीचे सहा मासे होते. सौरभचा त्यांच्यावर फार जीव होता.

दि. ७/११/२०२५ रोजी सौरभ व श्वेता बाहेरगावी गेले. निघताना सौरभने फ्रीझरमधलं गोठवलेल्या लाल अळ्यांचं पाकीट दाखवलं. रोज सकाळी एक वडी वाटीत विरघळवायची, चहाच्या गाळणीत गाळायची, सुटलेलं लाल पाणी मोरीत ओतायचं आणि नुसत्या अळ्या टाकीत घालायच्या, असं त्याने दोनदा बजावलं. मी हो म्हटलं.

पाणी मी मोरीत ओतलं नाही. आम्ही देवगडकडचे. कोलंबी आणली की सुनंदा डोकी ठेचून त्यांचं पाणी कालवणात घालायची, सगळा कस त्यातच असतो म्हणायची. म्हणून वाटीतलं होतं ते सगळं टाकीत घातलं. एका वडीने त्यांचं पोट भरेल असंही वाटेना. मी जवळ गेलो की सहाही मासे काचेशी येत. मला बघून पुढे येणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वड्या घालू लागलो. तळाशी अळ्या उरत, त्या मागाहून खातील असं धरून चाललो.

दि. १२ रोजी पाणी गढूळ झालं. आमच्याकडे धुणीभांडी व लादी पुसायला येणारी रत्नप्रभा कांबळी मला म्हणाली, "बाबानू, पाण्याक वास येता. सौरभदादांक फोन करा." मी म्हटलं, कशाला उगाच त्याच्या डोक्याला ताप. दि. १४ रोजी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. दि. १५ रोजी सकाळी सहाही मेलेले होते. चोवीस दिवस पुरणारं पाकीट आठ दिवसांत संपलं होतं. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सौरभ आला. त्याने माशांच्या दुकानाचे चंद्रप्रकाश यांना बोलावलं. त्यांनी पाणी तपासून अमोनिया फार वाढल्याचं सांगितलं. अळ्यांचं पाणी आणि उरलेलं खाणं टाकीत कुजलं की असं होतं, असं ते म्हणाले. सौरभने मला विचारलं, "बाबा, गाळून एकच वडी घालत होतात ना?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मग श्वेता म्हणाली की रत्नप्रभा टाकीजवळ फिनेलने पुसते आणि सुट्टी दिली नाही म्हणून तिचा आमच्यावर राग होताच. दि. १७ रोजी सौरभने तिला कामावरून काढलं आणि तिने टाकीत फिनेल घातलं असा इथे अर्ज दिला. बिल्डिंगमधल्या बाकीच्या दोन घरांनीही तिचं काम बंद केलं.

मी तेव्हाच का बोललो नाही असं विचारल्यावरून सांगतो की, ऑगस्टमध्ये माझ्या हातून गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून मला घरात चहासुद्धा करू देत नाहीत. त्यानंतर माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम होतं.

काल रत्नप्रभा मला गेटवर भेटली. मी तीन-तीनदा घालत होतो हे तिने पाहिलं होतं. माझं नाव का घेतलं नाहीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमका त्याच घरात रवाचा आसा. माका दुसरी घरां गावतली." तिला अजून एकही घर मिळालेलं नाही. मला माझी लाज वाटते.

टाकीत फिनेल कोणीही घातलेलं नाही. मासे माझ्या हातून मेले. रत्नप्रभाविरुद्ध काही करू नये.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच लिहिला आहे, बरोबर आहे. सौरभ बाहेर बाकावर बसला आहे. त्यालाही आत बोलावून हाच वाचून दाखवावा, ही विनंती. घरी मी दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसलो, पण दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठलो.